शब्दाला सहा सेंट

मृत्यूच्या जाहिरातीचा दर शब्दाला सहा सेंट.
स्वल्पविरामाचे पैसे आम्ही कधी लावले नाहीत.
फुकट आहेत म्हटल्यावर बंदरातली माणसं
ते मुठीनं भुरभुरायची,
कॉडवर मीठ भुरभुरावं तसे,
जिथे दम लागला तिथे एक.

"दमाचा काही संबंध नाही,"
मिस हर्टल म्हणायची.
"दम लागला तर खिडकी उघड."
तिच्या हाताखाली मी सात वर्षं प्रुफं वाचली,
डोळ्यांत तेल घालून,
आणि त्या तेलाला शाईचा वास यायचा.

तिनं शिकवलेल्यातलं हे एक:
'माझा भाऊ' लिही, मग नाव लिही.
नावाच्या दोन्ही अंगांना स्वल्पविराम दिलास
तर भाऊ एकच, दुसरा नाही.
दिले नाहीस
तर घरात आणखी कुणीतरी आहे,
ज्याचं नाव तू घेतलं नाहीस.
"एवढुशी शेपटी," ती म्हणायची,
"पण माणसं मोजते."

नोव्हेंबरातला मंगळवार. अंक संध्याकाळी बंद होणार.
धुकं इतकं, की धक्का दिसत नव्हता,
नुसता ऐकू येत होता.
ब्यूला कॉर्कम आली. ओले हातमोजे तिनं काउंटरवर ठेवले,
दोरखंडाच्या दुकानाच्या बिलामागे
पेन्सिलीनं लिहून आणलेलं होतं:
रूफस गेला, एकोणसत्तर वर्षं, चौतीस वर्षं समुद्रावर,
मागे पत्नी ब्यूला, मुलगा लॉर्न, दोन नाती.
इंग्रजीत एकेचाळीस शब्द. घरून मोजून आणले होते.

माझी निळी पेन्सिल सवयीनं गेली.
लॉर्नच्या अलीकडे एक, पलीकडे एक.

"हे काय?" तिनं काउंटरच्या पलीकडून
उलटं वाचत विचारलं.

मी नियम सांगितला. जरा मिरवतच सांगितला.
"मुलगा एकच ना, म्हणून."

ती हातमोजे पिळू लागली.
पाणी माझ्या रजिस्टरवर ठिबकलं, तिला दिसलं नाही.
"मला एकच," ती म्हणाली.

मग बराच वेळ
बाहेरचा भोंगा.

"ते काढ."

निळी पेन्सिल नीट खोडली जात नाही.
कागदाला लव आली.
मी टाइपरायटर ओढला आणि सगळं पुन्हा उतरवलं,
रूफस, समुद्र, नाती,
आणि लॉर्नच्या दोन्ही अंगांना
नुसती रिकामी जागा, जेवढी कुठल्याही दोन शब्दांत असते तेवढीच.
दोन डॉलर शेहेचाळीस.
तिनं अडीच दिले
आणि चार सेंट परत घेऊन गेली.

मर्ल संपादक म्हणाला, इथे दोन राहिलेत.
मी म्हटलं, असू दे, घरच्यांनी तसंच मागितलंय.
तो म्हणाला, घरच्यांना काय कळतंय व्याकरणातलं.
मी अळीमिळी गुपचिळी.

तेवीसशे प्रती गेल्या.
कुणी काही बोललं नाही. चर्चच्या पायऱ्यांवर नाही,
मासळीच्या शेडमध्ये नाही,
लॉर्ननं स्वतः येऊन कात्रणासाठी दोन अंक नेले,
चांगलं छापलंत म्हणाला.

मिस हर्टल तेव्हा ऐंशीची, टेकडीवर राहायची.
दर आठवड्याला अंक वाचून
लाल खुणा करून टपालानं परत पाठवायची,
निवृत्त झाल्यावरही, कुणी न मागता.
त्या आठवड्याचाही आला.
तिसऱ्या पानावर सात चुका. चर्चच्या जेवणाच्या
बातमीचा तर तिनं मुडदाच पाडला होता.
पाचव्या पानावर हवामान: दोन.
मी सहावं उलटलं.

रूफस कॉर्कमच्या बाजूला समासात खूण नव्हती.
फक्त लॉर्नच्या नावाआधी,
दिव्याखाली धरल्यावर दिसला,
लाल पेन्सिल टेकल्याचा एक ठिपका.
टेकली होती,
आणि शेपटी फुटायच्या आत
उचलली होती.